आधी मोजणी, मग नकाशा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

करिअर मार्गदर्शनाच्या लेखांत अलीकडे ‘हवामान अनुकूलन’ हा शब्द वरचेवर दिसू लागला आहे. प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकलेल्यांसाठी ही नवी वाट आहे असे त्यांत सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण त्या वाटेचे वर्णन पुढे संगणकाच्या पडद्यावरच संपते: उपग्रहाचा डेटा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि २०७० सालचा लाल-पिवळा नकाशा. वन्यजीवशास्त्रज्ञ म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना हे चित्र फार अपुरे वाटते. त्यावर विसंबून मुले दोन-तीन वर्षे फक्त मॉडेल (प्राणी पुढे कुठे टिकेल याचा संगणकी अंदाज) चालवायला शिकतात आणि नोकरीत पहिल्याच हंगामात अडतात. म्हणून हे पत्र.

हवामानबदलाबाबत दोन वेगवेगळी कामे चालतात. एक, हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे. दुसरे, जो बदल झाला आहे किंवा आता टळणार नाही त्याच्याशी जुळवून घेण्याची तयारी करणे. यालाच अनुकूलन म्हणतात आणि २०१५च्या पॅरिस करारात त्यासाठी सातवे कलम आहे. या दुसऱ्या कामात वन्यजीवशास्त्रज्ञाच्या वाट्याला येणारा प्रश्न अगदी ठोस असतो. अभयारण्याचा किंवा किनाऱ्याचा कारभार पाहणारा अधिकारी विचारतो: या जागी, या प्राण्यासाठी, येत्या पाच-दहा वर्षांत मी काय करू, आणि ते कधीपर्यंत ठरवले पाहिजे? काम सुरू होते ते या प्रश्नापासून. ज्याला हा प्रश्न नीट लिहून काढता येत नाही, त्याचे मॉडेल कितीही सुबक असले तरी ते फायलीत पडून राहते.

उत्तर शोधताना तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: प्राण्यापर्यंत झळ किती पोहोचते, ती त्याला कितपत सोसते, आणि सावरण्याची ताकद त्याच्यात किती आहे. नवखे लोक पहिल्या गोष्टीवरच थांबतात, आणि तीही सरासरी तापमानात मोजतात. ऑस्ट्रेलियातल्या फलाहारी वटवाघळांचे उदाहरण घ्या. १२ जानेवारी २००२ रोजी न्यू साउथ वेल्समध्ये पारा ४२ अंशांच्या वर गेला आणि एका दिवसात साडेतीन हजारांहून अधिक वटवाघळे मेली. त्या महिन्याच्या सरासरीत ही दुपार दिसणारही नाही. त्या वसाहतीसाठी कामाचा आकडा म्हणजे ‘वर्षात किती दिवस ४२च्या वर’ हा.

तिसऱ्या गोष्टीसाठी उत्तर अमेरिकेतला स्नोशू ससा पाहावा. हिवाळ्यात त्याची तपकिरी लोकर झडून पांढरी येते. हा बदल दिवसाच्या लांबीवर ठरतो. बर्फ मात्र तापमानावर पडतो आणि वितळतो. बर्फाचे दिवस कमी झाले की पांढरा ससा तपकिरी जमिनीवर उठून दिसतो. मोंटानातल्या सशांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रंग असा विसंगत झालेल्या सशांचे आठवड्यागणिक जगण्याचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत घटलेले आढळले. इथे कोणी बर्फ पसरू शकत नाही. पण याच जातीत काही प्रदेशांत हिवाळ्यातही तपकिरी राहणारे ससे आहेत, आणि हा गुण आनुवंशिक आहे. म्हणजे पांढरे आणि तपकिरी दोन्ही ससे जिथे एकत्र नांदतात ते पट्टे राखणे, त्यांच्यातली ये-जा तुटू न देणे, हा उपाय ठरतो. तो सुचायला हवामानाच्या नकाशाचा काही उपयोग नव्हता. कोणत्या भागात कोणत्या रंगाचे ससे आहेत, याच्या नोंदी लागल्या.

आता तापमानाविषयी जरा विस्ताराने, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या पेटीत, उघड्या मैदानात असतो. बेडूक राहतो पालापाचोळ्याखाली, सरडा राहतो दगडाच्या फटीत. दोन्हींकडचे तापमान एकाच दुपारी कित्येक अंशांनी वेगळे असते. म्हणून प्राणी जिथे बसतो तिथे नोंदक, म्हणजे ठरावीक वेळाने तापमान आपोआप टिपणारी छोटी यंत्रे, ठेवावे लागतात. बटणाएवढे, स्वस्त नोंदक मिळतात आणि लोक ते डझनाने लावतात. मग डेटा वाचताना डोक्याला हात लावतात.

पहिली चूक उन्हाची. नोंदकावर थेट ऊन पडले की तो हवेचे नव्हे, स्वतःच्या तापलेल्या धातूचे तापमान सांगतो. त्याच्यावर पांढरी आडोशाची टोपी हवी, आणि टोपीखालून वारा जायला हवा; बंद डबीत ठेवलेला नोंदक डबीचे तापमान मोजतो. दुसरी चूक स्मृतीची. काही साध्या नोंदकांत २,०४८ नोंदी मावतात. दर तासाला एक नोंद घेतली तर ८५ दिवसांत जागा संपते. त्यानंतर यंत्र एकतर थांबते किंवा जुन्या नोंदींवर नव्या लिहू लागते, आणि कोणता पर्याय निवडला होता हे कोणाच्याच लक्षात नसते. सहा महिन्यांनी परत जायचे असेल तर तीन तासांचे अंतर ठेवावे किंवा मोठ्या स्मृतीचा नोंदक घ्यावा. तीन तासांच्या अंतरात दुपारचा कमाल बिंदू निसटू शकतो, हेही आधीच ओळखून ठरवावे. तिसरी चूक घड्याळाची: नोंदक ज्या संगणकाला जोडून सुरू करतात त्याचीच वेळ तो घेतो. दोन संगणकांत तासाचा फरक असेल तर अर्ध्या जागांवर ऊन एक तास उशिरा उगवते.

आणि तपासणी. मोहिमेच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सगळे नोंदक बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी असलेल्या थर्मासमध्ये तासभर ठेवावेत. त्याआधी ते पाणी न शिरणाऱ्या पातळ पिशवीत बांधावेत. शून्य अंश यायला हवे. जो ०.७ दाखवतो त्याच्या क्रमांकापुढे ०.७ लिहून ठेवावे आणि नोंदी तेवढ्याने दुरुस्त कराव्यात. अनेक साध्या नोंदकांची अचूकताच अर्धा ते एक अंश असते. ही तपासणी न करता ‘डोंगराच्या उत्तर उतारावर ०.६ अंशाने गारवा आहे’ असे लिहिणे म्हणजे दोन यंत्रांतला फरक डोंगराच्या नावावर घालणे.

हे सगळे एकत्र कसे येते ते समुद्री कासवांच्या एका उपायावरून सांगतो. कासवाच्या पिल्लाचे लिंग अंडी उबताना वाळू किती गरम आहे त्यावर ठरते. साधारण २९ अंशांच्या आसपास नर-माद्या निम्मे-निम्मे, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातून आलेल्या हिरव्या कासवांमध्ये, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वयात न आलेली ९९ टक्क्यांहून अधिक कासवे माद्या होती. यावर अनेक ठिकाणी सुचवला जाणारा उपाय म्हणजे घरट्यांवर सावलीचे कापड. सोपा वाटतो, पण नीट करायचा तर असा करावा लागतो.

लिंग ठरते ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. उबवण पन्नास-साठ दिवसांची धरली तर साधारण अठराव्या ते चाळिसाव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणून अंडी कोणत्या रात्री घातली गेली हे माहीत नसेल तर बाकीचे मोजमाप वाया गेले. नोंदक घरट्यात अंड्यांच्या मधोमध हवा आणि तो अंडी पडत असतानाच ठेवावा लागतो. नंतर उकरून ठेवायला गेले तर अंडी हलतात आणि वाढू लागलेला गर्भ दगावतो. शेजारच्या रिकाम्या वाळूत, तेवढ्याच खोलीवर, दुसरा नोंदक लागतो, कारण वाढणारे गर्भ स्वतः उष्णता सोडतात आणि उबवणीच्या उत्तरार्धात घरटे भोवतालच्या वाळूपेक्षा गरम होते. हा फरक न मोजता फक्त वाळूवरून अंदाज बांधला तर नरांची संख्या जास्त धरली जाते.

कापड वाळूवर टेकवायचे नाही, वारा खेळेल इतके उंच बांधायचे. कोणत्या घरट्यावर सावली आणि कोणते उघडे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. कार्यकर्त्यांना सोयीची म्हणून झाडाजवळची घरटी सावलीसाठी निवडली, तर मिळणारा गारवा कापडाचा की झाडाचा, हे कधीच कळत नाही. पिल्ले बाहेर पडून गेल्यावर घरटे उकरून फुटलेली कवचे, न उबलेली अंडी आणि आत मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजायची. इथे फार मोठा गोंधळ होतो: पिल्ले भरपूर निघाली की ‘उपाय यशस्वी’ असे जाहीर होते. पण उपाय होता लिंगगुणोत्तरासाठी, आणि नुकतेच निघालेले पिल्लू वरून पाहून नर की मादी हे कळत नाही. ते त्या मधल्या हिश्श्याच्या तापमानावरूनच काढावे लागते. शिवाय निम्मे-निम्मे होण्याचा बिंदू प्रत्येक समूहात थोडा वेगळा असतो. दुसऱ्या समुद्रातला आकडा उचलून आणला की अर्ध्या अंशाच्या चुकीने गुणोत्तर पार बदलते.

ग्रेट बॅरियर रीफच्या त्याच उत्तर भागातल्या रेन बेटावर अडचण आणखी वेगळी निघाली. भरतीचे पाणी वाळूत शिरून अंडी बुडत होती. २०१४ पासून तिथे यंत्रांनी वाळू सरकवून किनारा उंच केला गेला. त्याने बुडणारी घरटी वाचतात. वाळूची उष्णता कमी होत नाही. एका जागी दोन दुखणी असली की त्यांची दोन वेगळी मोजमापे ठेवावी लागतात, आणि अधिकाऱ्याला हे स्पष्ट शब्दांत सांगणे हा आमच्या कामाचा भाग आहे.

आता नोंदवहीविषयी. कॅलिफोर्नियात प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटी या डोंगराळ प्रदेशाच्या आडव्या पट्ट्यात लहान सस्तन प्राण्यांची पाहणी केली. जवळजवळ नव्वद वर्षांनी त्याच जागी फेरपाहणी झाली, तेव्हा अभ्यासलेल्या २८ जातींपैकी निम्म्या जाती डोंगरात सरासरी पाचशे मीटर अधिक उंचीवर सरकलेल्या आढळल्या. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज जगभर सांगितले जाते. पण ते शक्य झाले ते ग्रिनेलच्या मंडळींनी काय लिहून ठेवले त्यामुळे: कोणत्या जागी किती सापळे, किती रात्री, काय मिळाले आणि कोणत्या रात्री काहीच मिळाले नाही. त्यांना हवामानबदलाची कल्पनाही नव्हती. रिकाम्या सापळ्यांची नोंद त्यांनी केली नसती, तर ‘तेव्हा इथे नव्हता’ आणि ‘तेव्हा इथे शोधलाच नव्हता’ यांतला फरक कोणालाच करता आला नसता.

हा फरक आकड्यात मांडता येतो. एखादा प्राणी जागेवर आहे, पण एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे असे धरा. तीन फेऱ्या मारल्या तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता ३४ टक्के उरते. पाच फेऱ्यांनंतर १७, आठ फेऱ्यांनंतर जेमतेम ६. म्हणजे तीन फेऱ्यांत दिसला नाही म्हणून ‘उष्णतेमुळे इथून नाहीसा झाला’ असे लिहिणारा, प्राणी प्रत्यक्षात असलेल्या दर तीन जागांपैकी एका जागी चुकतो. प्राणी दिसण्याची ही शक्यता वेगळी काढून हिशेब करण्याची पद्धत २००२ पासून उपलब्ध आहे, तिची सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यासाठी लागतात फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या फेऱ्या आणि नोंदलेली शून्ये.

जागेची नोंदही अशीच जपावी. १० अंश ३० मिनिटे हे घाईत १०.३० असे लिहिले जाते, आणि संगणक ते दशांश समजतो. खरा आकडा १०.५. अक्षांशात एवढ्याने जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते. डोंगराळ भागात तो प्राणी दरीतून शिखरावर जाऊन बसतो आणि मॉडेल त्यालाच ‘स्थलांतर’ म्हणते.

मॉडेलविषयी थोडेच लिहितो. त्यावर भरपूर शिकवले जाते. जातींच्या आढळाच्या नोंदी बहुधा रस्त्यांच्या कडेच्या असतात, त्यामुळे मॉडेलला प्राणी नव्हे, रस्ता आवडू लागतो. चाचणीसाठी नोंदी सरमिसळ करून वेगळ्या काढल्या तर शेजारशेजारच्या नोंदी मॉडेल शिकवायच्या आणि तपासायच्या अशा दोन्ही गटांत जातात आणि मॉडेल आहे त्यापेक्षा हुशार दिसते. अख्खा प्रदेश बाजूला ठेवून चाचणी घ्यावी. आणि सर्वांत घातक सवय म्हणजे भविष्यांची सरासरी. एका हवामान मॉडेलमध्ये पाऊस वाढतो, दुसऱ्यात घटतो. दोघांची सरासरी काढली की ‘फारसा बदल नाही’ असे उत्तर येते, जे दोन्हींपैकी कोणीही दिलेले नसते. त्याऐवजी तीन-चार परस्परविरोधी भविष्ये मांडावीत, उदाहरणार्थ खूप उष्ण आणि कोरडे, थोडे उष्ण आणि ओले, आणि अधिकाऱ्याला विचारावे: या सगळ्यांत उपयोगी पडेल असे कोणते काम आहे? पाणवठ्याचा आडोसा, डोंगराच्या दोन उतारांमधला जोड, आगीच्या हंगामातली गस्त, असे काही ना काही निघतेच.

पुढचा निर्णय अवघड असतो. बदल रोखून धरायचा, स्वीकारायचा, की त्याला हव्या त्या दिशेने वळवायचे? टास्मानियाजवळ अल्बट्रॉस बेटावर शाय अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यासाठी कृत्रिम घरटी ठेवली गेली, हा रोखून धरण्याचा प्रकार. ब्रिटनमध्ये दोन जातींची फुलपाखरे १९९९-२००० मध्ये त्यांच्या तेव्हाच्या हद्दीच्या उत्तरेला नेऊन सोडली, एक सुमारे ३५ किलोमीटर, दुसरी सुमारे ६५, आणि ती तिथे टिकली. हा दिशा देण्याचा. २०२१ मध्ये पॅसिफिकमधल्या सखल मिडवे बेटावरून काळ्या पायांच्या अल्बट्रॉसची अंडी आणि पिल्ले मेक्सिकोच्या ग्वादालुपे या उंच बेटावर नेली गेली. प्राणी असा हलवताना रोग सोबत जातात का, नव्या जागी तो कोणाला खाईल, मूळ जागची संख्या त्याने घटेल का, हे आधी तपासावे लागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणूनच इशाऱ्याची पातळी आधी ठरवून ठेवावी: संख्या अमुकच्या खाली गेली, किंवा सलग इतके हंगाम घरटी बुडाली, की दुसऱ्या दिवशी बैठक नव्हे, कृती.

तशी पातळी ठरलेली नसली की काय होते ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीतल्या ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटाने दाखवले. तिथला मेलोमिस नावाचा उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. समुद्राचे पाणी बेटावरून फिरत राहिले, खाद्य देणारी झाडोऱ्याची जागा आकसत गेली. २०१४ मध्ये कसून शोध घेतला तेव्हा एकही उरला नव्हता, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याच्या संवर्धनाचा आराखडा कागदावर तयार होता. हे लिहिताना वाईट वाटते, कारण जे करायचे ते फार मोठे नव्हते: काही जोड्या वेळेत पकडून दुसरीकडे वाढवणे.

तेव्हा या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना आमचे सांगणे असे. एका प्राणिगटाची पक्की ओळख हवी, विष्ठा, ठसे, आवाज यांसकट. संख्याशास्त्र निदान इतके यावे की फेऱ्यांची संख्या आधी काढता येईल. हवामानाचा डेटा कोणी, कुठे, कशावरून तयार केला हे वाचायची सवय हवी. आणि दोन पानांत, तक्त्याशिवाय, अधिकाऱ्याला कळेल असे लिहिता यायला हवे. शक्य झाल्यास शेवटची गोष्ट पहिल्या वर्षापासून शिकावी, कारण ती शिकवणारा अभ्यासक्रम क्वचितच सापडतो.

संस्थांनाही एक विनंती. या कामाच्या नेमणुका बहुतेक दोन-तीन वर्षांच्या असतात. एखाद्या जातीची संख्या वर्षाला २ टक्क्यांनी घटत असेल तर दहा वर्षांत ती १८ टक्क्यांनी कमी होते. आणि पावसापाण्यामुळे दरवर्षीची चढ-उतार तेवढी किंवा त्याहून मोठी असते. तीन वर्षांच्या मोजणीत ही घसरण दिसूच शकत नाही. निदान इतके करावे: मोजणी करणारा माणूस बदलायचा असेल तेव्हा जुन्या आणि नव्या माणसाने एक पूर्ण हंगाम त्याच वाटांवर, त्याच वेळी, पण एकमेकांना न सांगता वेगवेगळे मोजावे, आणि दोघांच्या आकड्यांतला फरक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्याचा खर्च एका माणसाच्या एका हंगामाच्या पगाराएवढा आहे.

आपले,
वन्यजीव आणि हवामान अनुकूलन या क्षेत्रात काम करणारे काही संशोधक